चार आण्यांची कोंबडी

वर्गात म्हणी शिकविताना हल्ली मोठी पंचाईत होते. पायली गेली, अदमण गेले, आणे तर १९५७ साली रुपया शंभर नव्या पैशांचा झाला तेव्हाच गेले. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण मात्र अजून ठणठणीत आहे. तिचे मर्म कुणाला जाणून घ्यायचे असेल, तर त्याने कोंबडी आणू नये. दहा वर्षे वापरलेली आलिशान एसयूव्ही पाहायला जावे.

आमच्या सातारा-सांगलीकडे मोटारीची हौस जुनीच. उसाचे बिल जमा झाले, हळदीला भाव आला, द्राक्षे साधली, की कुणाच्या तरी दारात नवी गाडी उभी राहते. ही मंडळी चार-पाच वर्षांनी गाडी बदलतात. त्यांनी उतरविलेली गाडी आणखी एक-दोन हात फिरून आपल्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यात येते. नवी असताना सत्तर-ऐंशी लाखांची असलेली मोटार पंधरा लाखांत मिळते म्हटल्यावर भल्याभल्यांचा पाय घसरतो. तेवढ्या पैशांत नवी मध्यम मोटार येते हे कळत असते. पण तिच्याकडे शेजारी वळून पाहात नाहीत ना!

सांगलीच्या माझ्या मावसभावाचे असेच झाले. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेकडे पाहात त्याने अशा एका गाडीचा पंचवीस हजार रुपये इसारही देऊन टाकला. वहिनींचा मला फोन आला, "भाऊजी, उरलेले पैसे द्यायच्या आधी तुम्ही एकदा गाडी बघा तरी." मला मोटारीतले काय कळणार? म्हणून मी साताऱ्याहून ओळखीचे एक मेस्त्री बरोबर नेले. त्यांनी आधीच बजावले होते, "सर, गाडी रात्रभर उभी राहू द्या. मी येईपर्यंत कुणी चालू करायची नाही."

सकाळी मेस्त्री गाडीपाशी उकिडवे बसले. चाक आणि मडगार्ड यांच्यामधले अंतर त्यांनी बोटांनी मोजले. डावीकडची पुढची बाजू चार बोटे खाली होती. "गाडी बसलीय," ते म्हणाले. अशा पुष्कळ गाड्यांत पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात. त्यामुळे खड्डा पोटातले पाणी हलू देत नाही. पण रबर ते रबरच. आठ-दहा वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात आणि रात्रीतून हवा निघून जाते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा धावतो आणि शेवटी तोही जळतो. कंपनीचा माल घ्यायचा तर एका चाकाचा खर्च लाखाच्या घरात, असा मेस्त्रींचा अंदाज पडला, कॉम्प्रेसर वेगळा.

"म्हणजे पंधराची गाडी सोळा-सतरात पडली," मावसभाऊ म्हणाला. वहिनींनी विचारले, "पण हे एकदाच, की पुढेही असंच?"

मेस्त्री म्हणाले, "ताई, गाडीचा भाव उतरतो, सामानाचा उतरत नाही. गाडी पंधरा लाखांची झाली, तरी सामान ऐंशी लाखांच्या गाडीचंच लागणार."

सगळे गणित या एका वाक्यात आले. शिवाय सामान परवडले तरी मजुरी असतेच. मर्सिडीजच्या ओएम ६४२ या सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचे उदाहरण घ्या. त्याच्या ऑइल कूलरचे सील कालांतराने गळू लागतात. सील स्वस्त, पण ते बसलेले असतात सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या बेचक्यात, आणि तिथवर पोचायला वरचा सारा संसार उतरवावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल इंजिनांत टायमिंग चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती खडखडू लागली की चेनपेक्षा उघडझाकच महाग पडते. धुरातली काजळी धरणारी जाळी तर सांगलीतल्या सांगलीत, विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढेच हिंडणाऱ्या गाडीत हमखास तुंबते. कारण काजळी जळून जायला लांबचा, सलग प्रवास लागतो.

सांगलीत गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पाणी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पुरात बुडालेली मोटार पुसून-पासून लखलखीत करता येते. पण अशा काही गाड्यांत बॅटरी आणि विजेच्या जोडण्या पुढच्या आसनाखालीच असतात. तिथे शिरलेला ओलावा वर्षभराने गुण दाखवितो. म्हणून गालिचा उचलून खालचा गाळ आणि गंज पाहावा, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे.

विमा आहेच की, असे कुणी म्हणेल. पण साधा विमा अपघाताचा आणि पुराचा. झिजेने बिघडलेल्या भागाला तो पैसा देत नाही. आणि गाडी घाटात अडली, तर दोरी बांधून ओढूनही नेता येत नाही. चारही चाकांना जोर पोचविणाऱ्या या गाड्या उचलून सपाट ट्रकवरूनच न्याव्या लागतात.

गंमत अशी, की या घराण्याचा एक मूळपुरुष शेतकऱ्याचा होता. १९४८ साली इंग्लंडात निघालेली लँड रोव्हर शेतावर राबण्यासाठीच होती. पुढे १९७० साली रेंज रोव्हर आली, तिचीही जमीन पाण्याने धुता येत असे. २००८ साली ही कंपनी टाटांकडे आली, तोवर गाडीचा पुरा राजवाडा झाला होता. आणि राजवाडा स्वस्तात मिळाला, तरी त्याचे नोकरचाकर स्वस्तात मिळत नाहीत.

मावसभावाने गाडी घेतली नाही. विकणाऱ्याने इसार परत दिला नाही; वर "साहेब, आता दुसरं गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे…" म्हणून आपलेच दुःख सांगितले. मावसभाऊ आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. नंतर मुलीच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली, तेव्हा ती भरताना कुणाकडे हात पसरावा लागला नाही. वहिनी त्या पंचवीस हजारांना 'मेस्त्रींची शिकवणी' म्हणतात.

हौसेला मोल नसते हे खरे. ज्याला हौस करायचीच आहे, त्याने खुशाल करावी. फक्त इसार देण्याआधी जाणत्या मेस्त्रीला थंड गाडी दाखवावी, संगणक लावून तिच्या चुका वाचून घ्याव्यात, दुरुस्तीची जुनी बिले मागावीत, आणि किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढावा. तेवढा निघत नसेल, तर कोंबडी कितीही गुबगुबीत दिसो, आपली दिवाळी फराळावरच साजरी करावी.