एकाला मन नाही, दुसरीला मत नाही!

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात संध्याकाळची मालिका बहुधा निम्म्या घरानेच पाहिलेली असते. उल्हासनगरच्या सिंधी घरात ती हिंदी असेल, बदलापुरात मराठी. सासूबाई भाजी निवडता निवडता पाहतात, मुले अभ्यासाच्या आडून पाहतात. नवरा-बायकोपैकी एक जण मात्र अजून गाडीतच असतो. त्याला उरलेली गोष्ट जेवताना कळते, तीही सांगणाऱ्याच्या बाजूने! म्हणूनच छोट्या पडद्यावरची प्रेमकथा पाहताना मला प्रश्न पडतो, ही गोष्ट नक्की कोणाची? त्याची, तिची, की दोघांची?

वरवर पाहता ती नायिकेची असते. कॅमेरा घरातच मुक्काम ठोकतो. तिचे डोळे भरून आले की पार्श्वसंगीत वाजते. नायक सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो आणि रात्री गैरसमज घेऊन परततो. मधल्या दहा तासांत त्याच्या मनात काय चालले होते, याचा पत्ता नाही. नायिकेला मिळालेला हा मानही फसवाच. तिच्या वाट्याला सोसणे येते, निर्णय येत नाही. म्हणजे एकाला मन नाही आणि दुसरीला मत नाही!

तोल साधणे अशक्य नाही. २०१२ साली झी मराठीवर सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली. स्वप्नील जोशीचा घना आणि मुक्ता बर्वेची राधा यांनी घरच्यांसाठी कराराचे लग्न केले. दोघांचीही कारणे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. त्यामुळे त्यांचे भांडण झाले की कोणाची बाजू घ्यावी, हे चटकन ठरत नसे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘जुळून येती रेशीमगाठी’त मेघनाचे मन दुसरीकडे गुंतलेले असताना तिचे लग्न होते. तिची घुसमट खरीच. पण हे कळूनही तिला मदत करू पाहणाऱ्या नवऱ्याची अवस्थाही नजरेआड झाली नाही.

तोल म्हणजे दोघांना सारखी मिनिटे नव्हेत. दोघांनाही स्वतःची इच्छा हवी, भीती हवी आणि चुकण्याची मुभा हवी.

आमच्या भागात घराचे हप्ते दोन पगारांवर चालतात. बदलापूरहून मुंबई सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. ती चौथ्या सीटवर अर्धवट टेकून येते, तो दारात लोंबकळत. रात्री जेवायला बसताना दोघांनाही वाटते, आज आपणच जास्त दमलो. अशा घरात रोज एकाच बाजूची गोष्ट ऐकवली, तर समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय लागायची कशी?

लेखक मंडळींना एवढीच विनंती आहे. एक भाग तिच्याबरोबर गाडीत चढा, एक भाग त्याच्याबरोबर. आणि घरी आल्यावर दोघांत कोण बरोबर, ते मात्र आम्हाला सांगू नका. ते ठरवायला आमच्याकडे रविवारची दुपार आहे!