लायब्ररी कुणी सांभाळायची?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय होईल. संगणकावर सर्किट काढायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने स्वतःची एक छोटी, तपासलेली लायब्ररी ठेवली पाहिजे आणि कॉलेजांनी तिला मार्क दिले पाहिजेत.

मराठीत बी.ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईने यात का नाक खुपसावं, असं घरची मंडळी म्हणणारच. एक तर नातू इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि त्याचा लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावरच पसरलेला असतो. दुसरं म्हणजे शाळेचं ग्रंथालय बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे लायब्ररी हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाची दोन चित्रं लागतात. एक सिम्बॉल, म्हणजे सर्किटच्या आकृतीतली खूण. दुसरं फूटप्रिंट, म्हणजे तो भाग प्रत्यक्ष बोर्डावर जिथे बसणार तिथल्या तांब्याच्या ठिपक्यांची रचना. या ठिपक्यांना पॅड म्हणतात. दोन्ही चित्रांना जोडणारा दुवा एकच, पिनचा क्रमांक. सिम्बॉलची १ नंबरची पिन १ नंबरच्या पॅडला जोडली जाते. हे क्रमांक चुकले की आकृती कितीही सुबक असो, बोर्ड चुकलाच.

आणि चुकणं फार सोपं असतं. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर घ्या. दोन्ही एनपीएन, दोन्हींचा काळा, एका बाजूने सपाट आकार सारखाच, आकृतीतली खूणही तीच. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. जुळ्या भावांची नावं उलटी घेतल्यासारखं! दुकानदाराने एकाच्या जागी दुसरा दिला आणि "हेच चालेल" म्हटलं, की झालं.

व्याकरणाच्या बाईला आवडेल असं आणखी एक उदाहरण म्हणजे ०६०३. चिमुकल्या रेझिस्टरच्या मापाचं हे नाव आहे. इंचाच्या पद्धतीत ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर. मेट्रिक पद्धतीत त्याच ०६०३ चा अर्थ ०.६ बाय ०.३ मिलिमीटर. शब्द एक, अर्थ दोन. म्हणून किकॅडच्या लायब्ररीत नावातच दोन्ही मापं लिहितात, ०६०३ आणि पुढे १६०८ मेट्रिक. कुणीतरी विचार करून ठेवलेलं नाव किती उपयोगी पडतं बघा.

मध्यंतरी नातवाच्या प्रोजेक्टचा बोर्ड तयार होऊन आला, पण त्यातून हवं ते व्होल्टेज काही निघेना. चौघांचा गट होता. एकाने ७८०५ या रेग्युलेटरचा सिम्बॉल घेऊन त्याचं नाव बदलून एलएम ३१७ केलं आणि सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकलं. दोन्ही तीन पायांचे, दिसायला सारखे. पण ७८०५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे, तर एलएम ३१७ चे अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट असे. "तपासलं कुणी?" असं मी विचारलं. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्याने तपासलं असेल.

"पण आजी, सॉफ्टवेअरने एकही चूक दाखवली नव्हती गं," असं तो म्हणाला. दाखवणार कशी? सॉफ्टवेअरची तपासणी तार कुठे सुटली, दोन रेषा फार जवळ आल्या का, एवढंच बघते. लायब्ररीत लिहिलंय ते खरं, हे ती धरूनच चालते. शुद्धलेखन बरोबर असलेलं वाक्यही धादांत खोटं असू शकतं, तसंच हे.

यावर कुणी म्हणेल, तयार लायब्ररी फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला? किकॅडच्या लायब्ररीसाठी लेखी नियम आहेत आणि माणसं मेहनतीने ती जपतात. तिचा जरूर उपयोग करावा. पण आपण विकत आणलेला भाग कोणता, हे त्या लायब्ररीला कसं कळणार? ते पडताळून बघणं आपलंच काम.

आमच्या शाळेत दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नसे. इथेही तसंच हवं. भागाचं पूर्ण नाव, कोणत्या कंपनीचं डेटाशीट पाहिलं, पिना कुणी पडताळल्या, कोणत्या तारखेला, आणि तो वापरून बोर्ड चालला का. फूटप्रिंट कागदावर मूळ मापात छापायचं आणि खरा भाग त्यावर ठेवून बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि गटात या वहीची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी. सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही.

ही वही आपल्या हातात राहील अशा जागी ठेवावी, हेही महत्त्वाचं. १९८८ पासून चालत आलेलं ईगल हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं आणि २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ७ जून २०२६ ला ते बंद होणार. वर्षानुवर्षं त्यात लायब्ऱ्या रचलेल्यांना काय वाटलं असेल! बरं म्हणजे ईगलच्या फायली किकॅडला वाचता येतात. किकॅड १९९२ मध्ये ज्यां-पिएर शरास यांनी सुरू केलं. ते फ्रान्समधल्या ग्रनोबलला शिकवत असत, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. ते फुकट आहे आणि त्याची लायब्ररी साध्या मजकुराच्या फायलींत असते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तर त्याच्या आधारावर ईसिम बांधलं आहे. तेव्हा आपल्याकडच्या कॉलेजांना पैशांची सबबही सांगता यायची नाही.

शंभरातले दहा मार्क या वहीला द्या, एवढंच माझं म्हणणं. बोर्ड चालला की नाही हे परीक्षक बघतातच. तो कशाच्या भरवशावर चालला, हेही विचारायला हवं. पुढे हीच मुलं दवाखान्यातली यंत्रं बनवतील, आणि तिथे "मला वाटलं त्याने तपासलं असेल" हे उत्तर चालणार नाही.