मासा रील बघत नाही

वाघूर धरणाच्या काठावर मी सलग अकरा रविवार घालवले. हातात साडेसहा फुटी रॉड, खांद्याला पिशवी, पिशवीत कप्प्यांचा पारदर्शक डबा आणि डब्यात चौदा ल्यूर. एकाला खरे वाटावेत असे डोळे, एकाच्या पोटात खुळखुळणारे मणी, एकाच्या शेपटीला फिरणारं चकचकीत पान. सगळ्यात स्वस्त दीडशेचा, सगळ्यात महाग साडेसहाशेचा. अकरा रविवारांत मासे किती मिळाले? एक. वीतभर चिलापी. तीही तोंडाने नाही, पोटाला गळ अडकून ओढली गेलेली.

अकराव्या रविवारी माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एक म्हातारे बाबा बसले होते. बांबूची काठी, दोऱ्याला थर्माकोलचा तुकडा, शेजारी जर्मनच्या ताटलीत कणीक आणि भिजवलेली सरकीची ढेप. उन्हं चढायच्या आत त्यांनी दोन रोहू काढले. मी जवळ गेलो, तसा त्यांनी माझा साडेसहाशेचा ल्यूर तळहातावर घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, ‘‘पोऱ्या, हाई कोनले दखाडाले शे? मासाले का माले?’’ हे कोणाला दाखवायला आहे, माशाला की मला?

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ल्यूर म्हणजे खोटं आमिष. लाकूड, प्लास्टिक, रबर किंवा धातूचा तुकडा, मासोळीसारखा किंवा बेडकासारखा घडवलेला. तो पाण्यातून ओढला की डुलतो, थरथरतो, आणि शिकारी माशाला वाटतं की आपलं भक्ष्य चाललंय. या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘शिकारी’. ल्यूरच्या पुड्यावर नेमका हाच शब्द नसतो. तिथे ‘सगळ्या माशांसाठी’ असं असतं.

आता आपल्या पाण्यात कोण राहतं ते बघा. वाघूर असो, हतनूर असो, धुळ्याचा नकाणे तलाव असो की गावोगावचे पाझर तलाव; धरणांत आणि तलावांत प्रामुख्याने सोडले जातात ते कटला, रोहू आणि मृगळ. सोबत सायप्रिनस. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ, कुजकी पानं, वनस्पतींचे कण खातो. मृगळ तळाशी चरतो. सायप्रिनस चिखल उकरतो. हे तिघं-चौघं एकत्र सोडतात तेच मुळी यासाठी, की कोणी कोणाच्या ताटात हात घालू नये आणि कोणी कोणाला खाऊ नये.

आणि ही मंडळी इथे आपोआप आलेली नाहीत. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा पैदास करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कटकला डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करण्यात यश आलं. तोच दिवस आज देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या शोधामुळे मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली, बोटुकली ट्रकमधून गावोगावी पोचू लागली आणि आपल्या धरणांत न शिकार करणाऱ्या माशांची वस्ती वाढली. लोकांना स्वस्त मासा मिळाला, हे चांगलंच झालं. पण अशा पाण्यात मासोळीच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा ओढत बसणं म्हणजे वारकऱ्यांच्या पंगतीत मटणाचा वास सोडून कोणी उठतंय का ते बघणं.

त्यात आपलं पाणी. हतनूरला तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि दोघी येताना गाळ घेऊन येतात. त्या धरणाच्या गाळाची रड साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात आणि नंतर कितीतरी दिवस पाणी चहासारखं असतं, वीतभर खोल गेलेला हात दिसत नाही. त्या पाण्यात माझ्या ल्यूरचे ‘थ्रीडी’ डोळे कोण बघणार होतं? वाम, शिंगाळा असे मासे गढूळ पाण्यात वासावर, स्पर्शावर, मिशांवर भक्ष्य शोधतात. त्यांना गांडूळ कळतं. होलोग्राफिक रंग त्यांच्या काय कामाचा?

हे सगळं ल्यूर विकणाऱ्यांना माहीत नाही, असं मला वाटत नाही. पण त्यांचं गिऱ्हाईक मासा नाहीच. मासा पैसे देत नाही. गिऱ्हाईक आपण आहोत. रात्री साडेअकराला पांघरुणात फोन धरून रील बघणारे. तीस सेकंदांचं रील. पहिल्या दोन सेकंदांत ल्यूर पाण्यात पडतो, चौथ्या सेकंदाला रॉड वाकतो, सातव्याला मासा हातात. त्या सात सेकंदांच्या मागे रिकामे गेलेले सहा तास कोणी दाखवत नाही. ते रील कुठल्या पाण्यावर काढलंय, केरळातल्या शेततळ्यावर की थायलंडमधल्या पैसे भरून मासे धरायच्या तलावावर, हेही कोणी सांगत नाही. आणि खाली खरेदीची लिंक. मासा गळाला लागायच्या आधी आपण लागलेलो असतो.

मित्राचं सांगतो. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट करतो. एका महिन्यात त्याने चार हजारांचे ल्यूर घेतले. पहिला चालला नाही म्हणून दुसरा, दुसरा चालला नाही म्हणून ‘प्रो’ लिहिलेला तिसरा. आपण बाकी कुठलीच वस्तू अशी घेत नाही. पंखा फिरला नाही तर दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन आपटतो. ल्यूर चालला नाही तर आपण त्याच दुकानातून दुसरा घेतो आणि दोष स्वतःला देतो.

दोष स्वतःला द्यायला आपल्याला शिकवलंय, ही या धंद्याची खरी करामत. ल्यूर फसला अशी तक्रार करा, लगेच उत्तरं येतात. तुमची ओढण्याची गती चुकली. दोरा जाड होता. वेळ चुकली, रंग चुकला, रॉडच चुकीचा. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण दरवेळी आपल्यालाच लागू. एकदा तरी कोणी म्हणावं की बाबा, अंगणच वाकडं आहे. इथे शिकारी मासा नाही, घरी जा. पण तसं म्हटलं तर रॉड कोण घेणार?

कोणी म्हणेल, ‘मी स्वतः ल्यूरवर कटला काढलाय.’ काढला असेल. तो गळ कुठे रुतला होता ते आठवून बघा. तोंडात, की पाठीत, की कल्ल्याजवळ? तीन-तीन तोंडांचे दोन गळ लावलेली वस्तू माशांच्या घोळक्यातून ओढली की कोणीतरी अडकणारच. फोटोत तो भाग हाताखाली झाकला जातो, आणि आणखी शंभर जण तोच ल्यूर मागवतात.

मी ल्यूरला भंपक म्हणत नाही. ल्यूरचा इतिहास वाचला तर मान झुकते. फिनलंडमधला लॉरी रापाला हा गरीब मच्छीमार. त्याने तळ्यात बघितलं की शिकारी मासा मासोळ्यांच्या थव्यातून नेमकी जखमी, तिरकी पोहणारी मासोळी उचलतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा तुकडा कोरून तसाच तिरका डुलणारा नकली मासा केला. त्यावर चमकी चढवली ती चॉकलेटच्या वेष्टनाच्या कागदाची. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’च्या अंकात त्यावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकतीच गेलेली मेरिलिन मन्रो होती; तो अंक तुफान खपला आणि रापालाकडे मागणीचा पूर आला. म्हणजे तेव्हाही प्रसिद्धी होतीच. फरक एवढाच, की त्या वस्तूच्या मुळाशी एका माणसाने एका तळ्याकडे वर्षानुवर्षं बघणं होतं.

ते बघणं त्याच्या तळ्याचं होतं. थंड, नितळ पाण्याचं आणि तिथल्या शिकारी माशांचं. आपण त्याचं उत्तर विकत आणलं आणि ते वाघूरच्या परीक्षेत लिहून आलो. प्रश्नपत्रिका वेगळी होती.

आपल्याकडे असं बघणारे नव्हते, असंही नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. गळाने मासे धरण्याच्या करमणुकीवरचा. माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाणं, काठी आणि दोर यांचा त्यात विचार आहे. म्हणजे राजालाही आधी मासा कोण आणि तो खातो काय, हे विचारावं लागलं होतं. ते बाबा कुठला ग्रंथ वाचून आले नव्हते, पण त्यांचा प्रश्न तोच होता. त्यांनी तासभर आधी ढेपेचे गोळे एकाच जागी टाकून ठेवले होते. आपल्या ग्रुपवर मात्र कणीक लावणाऱ्याला ‘देशी’ म्हणून हसतात. कापसाच्या मुलखात सरकीच्या ढेपेला हसायचं आणि परदेशी तळ्यातल्या मासोळीच्या प्लास्टिक नकलेला हात जोडायचे!

आता जिथे ल्यूर खरोखर चालतो तिथे येतो, कारण मला खरी टोचणी तिथे आहे.

आपल्याकडे शिकारी मासे आहेत. मरळ आहे. शेवाळलेल्या, झाडोऱ्याच्या, उथळ पाण्यात राहतो, पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो. रबरी बेडूक ओढला की मरळ झेपावतो, हे खरं आहे. सगळ्यात हमखास कधी झेपावतो? पावसाळ्यात, पिल्लं असताना. मरळ आपल्या पिल्लांची राखण करतो. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर खळबळत असतो आणि खाली आई-बाप पहारा देत फिरतात. त्या थव्यावरून काहीही गेलं, तरी ते त्याच्यावर तुटून पडतात. भुकेने नाही, पिल्लांसाठी.

रीलवर हेच ‘ट्रिक’ म्हणून शिकवतात. पिल्लांचा थवा शोधा, त्यावरून बेडूक ओढा, हमखास मासा. मी स्वतः एकदा धुळ्याजवळच्या एका तलावावर ते केलं. पहिल्याच ओढीला मरळ लागला. माझ्या आयुष्यातला ल्यूरवरचा पहिला मोठा मासा. फोटो काढला, लोकांनी बदाम दिले. परत पाण्याकडे बघितलं तेव्हा तो लाल थवा सैरभैर झाला होता आणि खालून कोणीतरी त्याच्यावर तोंड मारत होतं. ‘मी पकडून सोडतो’ म्हणणाऱ्यांनीही हे बघावं. फोटोसाठी पाच मिनिटं राखणदार बाहेर ठेवलात, तर तेवढ्या वेळात आजूबाजूचे मासे काय तोंड मिटून बसतील?

म्हणून सांगतो, फसलेला ल्यूर माझे साडेसहाशे रुपये घेऊन गेला, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. चाललेल्या ल्यूरचं वाटतं.

‘पैसे माझे, रविवार माझा, तुझं काय जातं?’ असं कोणी म्हणेलच. रविवार तुमचा, पाणी मात्र तुमचं एकट्याचं नाही. महाराष्ट्रातले बरेचसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. बोटुकली त्यांनी पैसे भरून सोडलेली असते, त्यावर घरं चालतात. तिथे न विचारता गळ टाकणं हा छंद नाही, आगाऊपणा आहे. आणि झुडपात अडकला की आपण दोरा तोडून मोकळे होतो. तो न कुजणारा दोरा, ते तीन तोंडांचे गळ तिथेच राहतात. हतनूरच्या पाण्यावर दर हिवाळ्यात दुरून पक्षी येतात. त्यांचे पाय आणि चोची याच काठावर वावरतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ल्यूरच्या पुड्यावर लिहा, हा कोणत्या माशासाठी आणि कसल्या पाण्यासाठी. रील काढणाऱ्याने तलावाची जात तरी सांगावी, आणि रिकामे गेलेले तासही सांगावेत. पिल्लांवरच्या मरळाला हात लावू नये, आणि लावणाऱ्याला बदाम देऊ नयेत. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद ठेवून समुद्रातल्या माशांना विणीसाठी सवड देतात. दोन महिने रबरी बेडूक डब्यात ठेवायला आपल्याला कोणाच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणि नवीन रॉड घेणाऱ्या पोरांना एकच विनंती. पहिले दोन रविवार काहीही टाकू नका. नुसतं बसा. कुठे बुडबुडे येतात, कुठे शेवाळ हलतं, कोण वर येऊन तोंड उघडतं ते बघा. शेजारच्या बाबांना विचारा. ते सांगतात, पैसे न घेता.

माझे तेरा ल्यूर डब्यात आहेत. चौदावा वाघूरच्या तळाशी एका बाभळीच्या खुंटाला आहे. गेल्या रविवारी मी बाबांच्या शेजारी कणीक मळत बसलो होतो. मासा लागला नाही. त्यांनाही लागला नाही. ‘‘आज त्यासले भूक नही,’’ ते म्हणाले आणि काठी गुंडाळून घरी गेले.