उंदरांत भांडखोर कोण?

सिहोऱ्याकडे गहू व धान साठविणाऱ्या घरांना उंदीर नवा नाही. घरउंदरांत जागेसाठी झुंजतात ते बहुधा नर. वृषण काढलेले नर लढत नाहीत आणि नरसंप्रेरक दिल्यास पुन्हा लढू लागतात, असे एलिझाबेथ बीमन यांनी १९४७ साली प्रयोगाने दाखविले. परंतु यावरून मादी भित्रीच असते, असे समजू नये. पिलांना पाजणारी मादी घरट्याशी आलेल्या परक्या उंदरावर तुटून पडते; पिले मोठी होताच तिचा आवेश ओसरतो. सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात तर मादीच अधिक भांडखोर असते. यास्तव कणगीमागे उंदराचे घरटे आढळल्यास मुलांना त्यात हात घालू देऊ नका. उंदीर चावलाच, तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांस दाखवावी.