केबल की छत्री? न्हावऱ्यातल्या घराचा महिन्याचा हिशोब

केबल ठेवायची की छत्री बसवायची, हा प्रश्न पूर्वी हौसेचा होता. आता तो खर्चाचा झाला आहे. ८ जुलै २०२४ ला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, टीव्ही कनेक्शनच्या मूळ भाड्यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. या भाड्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. २०२० च्या नियमानुसार २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि त्याहून कितीही जास्त वाहिन्या दिल्या तरी १६० रुपये, यापेक्षा जास्त फी घेता येत नव्हती. आता केबलवाला असो की डीटीएच कंपनी, फी किती लावायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दर जाहीर केला पाहिजे, एवढी अट आहे. कनेक्शन बसवणं, दुरुस्तीला माणूस येणं, छत्री एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं, यांचे दरही त्याच दिवशी मोकळे झाले.

ही बातमी आपल्या भागात फारशी कुणी वाचली नाही. त्या महिन्यात गावोगाव लाडकी बहीण योजनेच्या कागदपत्रांची धावपळ चालू होती. पण या निर्णयाचा परिणाम घराघरात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो आहोत. ज्या घरांत टीव्हीच नको असं ठरलेलं आहे, त्यांचा आम्हाला आदर आहे. हा लेख बाकीच्यांसाठी.

न्हावरे हे एकसंध गाव नाही. गावठाण आहे, शिरूर-चौफुला रस्त्यालगतची घरं-दुकानं आहेत, घोडगंगा साखर कारखान्याचा परिसर आहे, आणि त्यापलीकडे शेतात पसरलेल्या वस्त्या आणि मळे आहेत. केबलची वायर तिथवरच जाते जिथे दहा-वीस घरं जवळजवळ आहेत. दोन घरांसाठी अर्धा किलोमीटर वायर कोणता केबलवाला ओढेल? त्यामुळे मळ्यातल्या माणसाला "केबल की छत्री" हा प्रश्नच नाही, त्याला छत्रीच. ऊसतोडीला बाहेरून येणाऱ्या कुटुंबांचंही तेच. छत्री गुंडाळून दुसऱ्या फडावर नेता येते, वायर नेता येत नाही. निवड खरी आहे ती गावठाणातल्या आणि रस्त्यालगतच्या घरांना.

तिथे लोक पहिली तक्रार सांगतात ती पावसाची. पावसात छत्री जाते, हे खरं आहे. डीटीएचचा सिग्नल केयू बँडवर येतो, आणि या लहरी जोराच्या सरीत शोषल्या जातात. पण सर ओसरली की चित्र परत येतं, आणि शिरूर-दौंड हा काही कोकण नाही. कोरडवाहू भाग आहे, वर्षातले असे तास मोजके. त्याहून मोठी अडचण झाडाची आणि स्लॅबची. आपल्याकडून हे उपग्रह आग्नेय बाजूला येतात. त्या बाजूला चिंचेचं मोठं झाड असेल किंवा शेजाऱ्याने वर मजला चढवला असेल तर छत्रीची जागा बदलावीच लागते. केबलचा त्रास वेगळा. रस्त्यावरून ऊस भरलेल्या ट्रॉल्या जातात, लोंबती वायर अडकते, तुटते. शिवाय केबलला वाटेतल्या यंत्रांना वीज लागते. आपल्या घरात इन्व्हर्टर असला तरी पुढच्या चौकातली लाइट गेली की टीव्ही बंद. छत्रीवाल्याच्या घरात इन्व्हर्टरवर सगळं चालतं.

आमच्या मते खरा फरक मात्र पैसे भरण्याच्या पद्धतीत आहे. केबलवाला गावातला असतो. त्याला चाचा म्हणा, भाऊ म्हणा, तो दारात येतो, रोख घेतो, आणि ऊसबिल लांबलं तर महिना-दोन महिने थांबतो. डीटीएच कंपनी थांबत नाही. रिचार्ज संपला की पडदा काळा. मग घरातली दादी विचारते, "टीव्ही कायको बंद हुई रे?" आणि मोबाइलवर पैसे भरू शकणारा नातू पुण्यात कामाला असतो. घोडगंगा कारखान्याचा २०२३-२४ चा गाळप हंगाम झालाच नाही. ज्या गावाचा पैसा कारखान्याच्या भोंग्यावर चालत होता तिथे ही उधारी क्षुल्लक गोष्ट नाही. शहरातले जाणकार डीटीएचची शिफारस करतात तेव्हा हा मुद्दा त्यांच्या हिशोबात नसतो.

पण या ओळखीची किंमतही आहे. ओळखीच्या माणसाला आपण बिल मागत नाही. "अडीचशे द्या" म्हटलं की देतो. त्यातली फी किती, वाहिन्यांचे किती, जीएसटी किती, काही कळत नाही. वाहिन्यांची निवड ग्राहकाने करायची, हा हक्क १ फेब्रुवारी २०१९ पासून केबल आणि डीटीएच दोन्हीकडे आहे. हवी ती वाहिनी सुटी घेता येते, तिची किंमत जाहीर असते. जुन्या १३० रुपये फीवर १८ टक्के जीएसटी धरला तर १५३ रुपये ४० पैसे होतात. त्यात १९ रुपयांच्या तीन वाहिन्या घेतल्या तर करासह ६७ रुपये २६ पैसे. एकूण २२० रुपये ६६ पैसे. आता फी मोकळी झाल्यामुळे हा पहिला आकडा बदलू शकतो, म्हणून तर तो कागदावर मागायचा. शाळेत आम्ही पालकांना विचारतो, घरात नेमक्या किती वाहिन्या बघता? उत्तर बहुतेक वेळा पाच-सहा येतं. पॅकमध्ये मात्र दीडशे-दोनशे असतात.

हे असं का, तर वाहिन्यांचे मालक सुटी वाहिनी महाग ठेवतात आणि गठ्ठा स्वस्त देतात. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलला: गठ्ठ्यात घालायची वाहिनी १९ रुपयांपेक्षा महाग नको आणि गठ्ठ्यावरची सूट ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतर नवे करार करायची वेळ आली तेव्हा मोठ्या केबल कंपन्यांनी सही करायला नकार दिला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टार, झी आणि सोनीने त्यांचा सिग्नल तोडला. काही दिवस केबलच्या घरांतून मालिका गायब, छत्रीवाल्यांच्या घरात सगळं चालू. त्या भांडणात आपल्या गावातल्या केबलवाल्याचा काही दोष नव्हता. वर कंपन्यांचा वाद झाला की शिव्या मात्र वसुलीला येणाऱ्यालाच बसतात.

म्हणून डीटीएच भक्कम, असं समजू नका. २०२० च्या शेवटी देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सुमारे ७ कोटी होते, मार्च २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. तरुण मुलं मोबाइलवर गेली, आणि बऱ्याच घरांनी तिसरा रस्ता धरला.

हा तिसरा रस्ता म्हणजे डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, साधारण दोन हजारांच्या आत. त्यानंतर महिन्याला शून्य. उपग्रहाचं काम पुणे जिल्ह्याला तसं नवं नाही. नारायणगावजवळच्या आर्वीचं विक्रम भूकेंद्र १९७१ पासूनचं आहे. पण उपग्रहावरून चित्र गरिबाच्या पत्र्यावर फुकट उतरायला मधली तीसेक वर्षं गेली.

फ्री डिशवर सह्याद्री आहे, डीडी उर्दू आहे, बातम्या आहेत, सिनेमे आहेत. खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज असलेली वाहिनी उद्या असेलच असं नाही. झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या चार वाहिन्या मार्च २०१९ मध्ये तिथून उठल्या, २०२० मध्ये परत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. नवी मराठी मालिका ज्या दिवशी लागते त्याच दिवशी बघायची असेल, किंवा क्रिकेटचा प्रत्येक सामना हवा असेल, तर फ्री डिश पुरणार नाही. त्या घराने केबल किंवा पैसे भरायचं डीटीएच घ्यावं, उगाच फुकटच्या मागे लागून घरात भांडण नको. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा घ्या, जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

शिक्षक म्हणून आम्हाला फ्री डिशचं महत्त्व कोरोनात कळलं. शाळा बंद होत्या, एका घरात एक मोबाइल आणि तीन मुलं. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली, त्याला ना डेटा लागत होता ना रिचार्ज. ती मराठीत होती. उर्दू माध्यमाच्या मुलांनीही ती बघावी असं आम्ही सांगत होतो, कारण मराठी पक्की झाली तर दहावीनंतर अडत नाही. पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली. त्या बॉक्समध्ये येतात, पण लावतं कोण? उर्दू शाळांनी त्यांचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं तरी फरक पडेल. उर्दूतून आणखी धडे प्रसारित व्हावेत ही मागणी आपण सरकारकडे लावून धरायला हवी. ती केबलवाल्याकडे करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. बातम्यांच्या वाहिन्यांवर आपल्याबद्दल काय बोललं जातं, यावर आपण चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० च्या निकालात, तबलीगच्या परदेशी पाहुण्यांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाल्याचं स्पष्ट नोंदवलं होतं. तरीही त्याच प्रकारच्या चर्चा आपण पॅकमध्ये घेऊन रोज संध्याकाळी लावतो. त्यातल्या बऱ्याच वाहिन्या मोफत आहेत, काढून पैसे वाचणार नाहीत. पण ज्यांचे पैसे पडतात त्या पॅकमधून काढायला सांगता येतात, आणि वाहिन्यांच्या मालकांना हीच भाषा कळते.

जुलै २०२४ च्या त्याच आदेशात ग्राहकाच्या बाजूची एक ओळ आहे. जी वाहिनी फ्री डिशवर फुकट दिसते, ती केबलवर आणि डीटीएचवरही मोफत वाहिनी म्हणूनच द्यावी लागते, तिची वेगळी किंमत लावता येत नाही. बिल हातात आलं की आधी ही ओळ तपासा. गावाला किंवा उमऱ्याला जाणार असाल तर किमान एक महिन्यासाठी कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवायला सांगता येतं. वर्षभराचा रिचार्ज "स्वस्त पडतो" म्हणून एकदम भरू नका. ज्या घराचं उत्पन्न उसाच्या किंवा दुधाच्या बिलावर आहे त्याने तीन महिन्यांच्या पुढे पैसे अडकवू नयेत. आणि केबलवाल्याने वायरवरून इंटरनेटही देतो म्हटलं, तर टीव्हीचे आणि नेटचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या, म्हणजे पुढे एक ठेवून दुसरं बंद करता येईल.