कुळाचा माग

आमच्या विहीणबाई डॅनिश. मुलीच्या सासरी जटलंडात गेलं की हल्ली गप्पा एकाच माणसाच्या चालतात: त्यांच्या आजोबांचे खापरपणजोबा. अठराव्या शतकातलं एक साधं कूळ, पराक्रम शून्य.

तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या जुन्या वह्या इंटरनेटवर फुकट खुल्या केल्यात. रात्रीची आवराआवर झाली की विहीणबाई त्या उघडतात. पाद्रीबुवांचं गॉथिक अक्षर आपल्या मोडीसारखंच, डोळ्यांत तेल घालून लावावं लागतं. तारीख ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ अशी. त्या वर्षीचा ईस्टर शोधून हिशेब करायचा. शेतकऱ्यांना आडनावं नाहीत. हान्सचा मुलगा येन्स, म्हणून येन्स हान्सन. त्याच्या थोरल्याला आजोबांचं नाव, म्हणजे पुन्हा हान्स येन्सन. एकाच गावात असे तिघे-चौघे निघाले की डोकं धरून बसायचं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव असतं, बाळाला वेदीपाशी नेणाऱ्या बाईचं असतं, साक्षीदारांचीही असतात. बाळाच्या आईचं मात्र बऱ्याचदा नसतंच! तिचं माहेर साक्षीला उभ्या राहिलेल्या मामा-मावश्यांवरून ताडायचं.

मला नवल वाटलं ते निराळंच. हा माणूस सापडतो, कारण तो मोकळा नव्हता. 1733 साली राजाने फर्मान काढलं की 14 ते 36 वयाच्या शेतकरी पुरुषाने जमीनदाराची हद्द सोडायची नाही. सैन्याला माणसं हवी होती आणि जमीनदाराला वेठीला हात. पुढे 1764 मध्ये ही अट चार वर्षांच्या पोरापासून चाळिशीच्या बाप्यापर्यंत ताणली. त्याच काळात डॅनिश जहाजं तरंगंबाडीला येत होती, आणि ज्या तंजावरच्या राज्यात ते ठाणं होतं तिथे आपले भोसले राज्य करत होते. ‘आमचा कुणी आला असेल का हो तिकडे?’ विहीणबाई विचारतात. अहो, ज्याला जमीनदाराच्या हद्दीबाहेर जायची चोरी, तो तंजावर कुठून गाठणार? 1788 मध्ये हे बंधन उठवायचा कायदा झाला, पण तो टप्प्याटप्प्याने, 1800 पर्यंत. शिवाय त्याच सुमारास लष्करी याद्यांत मुलग्यांची नावं जन्मापासूनच चढू लागली.

सगळ्यांत बोलका कागद म्हणजे मृत्यूनंतरच्या वाटणीचा. नवरा-बायकोपैकी कुणीही गेलं की जमीनदाराचा माणूस घरात येऊन मोजदाद करी: तांब्याची किटली, पिसांची गादी, घोडे, गाई, एकेकीची किंमत. घराच्या पडझडीबद्दल जमीनदाराची वसुली आधी. उरलं तर मुलाला जेवढं, त्याच्या निम्मं मुलीला. पण वारस म्हणून एकूण एक लेकरू वयासकट लिहिलेलं, लग्न झालेल्या मुलींच्या नवऱ्यांसकट. चर्चच्या वहीत हरवलेली आई इथे सापडते.

आमच्या खापरपणजोबांचं बिंग 1787 च्या जनगणनेने फोडलं. नावनिशीवार झालेली ती देशातली पहिली गणना, आणि तिच्यात कितवं लग्न तेही लिहिलेलं. ह्यांचं पहिलं, बायकोचं दुसरं. म्हणजे विधवेशी लग्न लावून शेत पदरात पाडून घेतलेलं! तिकडे ती सर्रास रीत होती. विधवेला गडी मिळे, गड्याला जमीन.

‘मग शेत तिचंच म्हणायचं,’ विहीणबाई म्हणाल्या. आता खापरपणजोबांना बाजूला ठेवून त्या तिच्या पहिल्या नवऱ्याच्या वाटणीचा कागद शोधताहेत.