कुकर लावण्याआधी मूठ मोजा

श्रावण तोंडावर आला आहे. मटण, मासे, अंडी घरोघरी बंद होतील. कुठे महिनाभर, कुठे थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. आणि कितीतरी घरांत तर ती बाराही महिने नसतात. हे आवाहन तुम्हा सगळ्यांसाठी आहे. एकच प्रश्न स्वतःला विचारा: ताटातून जे गेलं, त्याच्या जागी काय आलं?

बहुतेक ताटांत बटाटा येतो. साबुदाणा येतो. एक पोळी जास्त येते. पोट भरतं, ढेकर येतो, आणि शरीराची प्रथिनांची मागणी तशीच राहते.

शरीर चरबी साठवून ठेवतं. प्रथिनं साठवायला त्याच्याकडे कोठार नाही. रोजची गरज रोज भागवावी लागते. ती भागली नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ते जास्त घातक आहे. आजोबांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो. आजीला डब्याचं झाकण उघडेनासं होतं. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि तोल सावरायला मांड्यांत ताकद नसते. आपण म्हणतो, वय झालं. वय तर झालंच. पण सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेला टोस्ट आणि रात्री वाटीभर मऊ भात, एवढ्यावर त्या हाडामांसाने तग कसा धरायचा, याचा विचार आपणच करायला हवा.

हे तुम्ही थांबवू शकता. आज संध्याकाळी, स्वयंपाक करता करता.

कुकर लावण्याआधी थांबा. आज घरात दिवसभरात किती डाळ आणि किती कडधान्य शिजणार आहे ते बघा, आणि जेवणारी माणसं मोजा. चार माणसांत एक लहान वाटी तूरडाळ? मग माणशी जेमतेम 25-30 ग्रॅम पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली काढलेल्या आहार सूचनांत दिवसाला 2000 उष्मांक लागणाऱ्या शाकाहारी माणसासाठी 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. म्हणजे तुमच्या ताटात निम्मीसुद्धा नाही. दोन भरलेल्या मुठींत ढोबळमानाने 70 ते 80 ग्रॅम डाळ मावते. घरात काटा असेल तर तुमची मूठ एकदा तोलून बघा. मोठ्या माणसामागे रोज दोन मुठी, एवढा हिशेब मनात पक्का करा. एक दुपारी, एक रात्री.

आता तुमच्या घरातल्या बाईकडे बघा. तिचं वजन 55 किलो असेल तर तिला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. दिवसाकाठी पाच पोळ्या आणि दोन वाट्या भात तिने खाल्ला तर त्यातून 20-21 ग्रॅम येतात. उरलेली 25 कुठून येणार? पळीभर पातळ वरणातून 3 ग्रॅमसुद्धा मुश्किलीने मिळतात. पाहुणा आला की वरणात पाणी वाढतं, आणि ते पाणी शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला येतं. उसळ संपलेली असते. ती लोणचं घेते, ताक ओतून भात कालवते आणि उठते. ती गरोदर असो, अंगावर पाजणारी असो, आजारातून उठलेली असो, बहुतेक घरांत हेच चालतं.

तिला तुमच्याबरोबर बसवा. नाही बसली तर तिची उसळीची वाटी आधी काढून झाकून ठेवा. पोरांनो, हे तुम्हीही करू शकता. आईला विचारू नका, सरळ काढून ठेवा.

घरात सहा महिन्यांवरचं तान्हं असेल तर हा मजकूर दोनदा वाचा. बाळाला डाळीचं वरचं पाणी पाजू नका. पाणी पचायला हलकं, म्हणून आपण प्रेमाने ते पाजतो. पण डाळ खाली राहते आणि बाळाचं इवलंसं पोट पाण्याने भरतं. मग त्याला दुसरं काही नको असतं. तळाची डाळ घ्या. भातात घोटा, गुरगुट्या भात करा, वर तूप सोडा. चमच्यातून ओघळून न जाण्याइतका घट्ट हवा. अंगावरचं दूध चालू ठेवाच.

यासाठी परक्या मुलखातून काही आणायचं नाही. कोकणात कुळथाची पिठी आहे, वालाचं बिरडं आहे. देशावर हुलग्याचे शेंगोळे आहेत. कऱ्हाड-कोल्हापूरकडे अख्खा मसूर आहे. मटकीची उसळ, चवळीची आमटी, झुणका-भाकर, मुगाची धिरडी, डाळ घातलेली मेथी. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालणाऱ्या बाईला प्रथिनांचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिचं सगळं बरोबर होतं. तांदूळ, गहू, ज्वारीत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात, खिचडी, भाजणीचं थालीपीठ या जोड्या पक्क्या आहेत. जोडी शाबूत आहे, फक्त डाळीचा वाटा आटला आहे. तो वाढवा. वरण पळीवाढं करा. एक पोळी कमी झाली तरी चालेल, उसळीची वाटी भरलेली असू द्या.

तूर महाग वाटते? मग तुरीवर अडून बसू नका. तुमच्या बाजारात जे स्वस्त असेल ते घ्या. मसूर, मटकी, हुलगे, हरभरे, सगळ्यांत शंभर ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात. आणि तुम्ही लातूर-अकोल्याकडचे शेतकरी असाल तर हात जोडून सांगते, सगळी तूर बाजारात नेऊ नका. वर्षाची डाळ आधी घरात ठेवा. सोयाबीनचंही तसंच. त्याचं तेल निघतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. दहा किलो गव्हाच्या दळणात किलोभर सोयाबीन घाला. मात्र ते नीट भाजून घ्या, कच्चं घालू नका.

उपास मोडा असं मी म्हणणार नाही. उपास करा, पण साबुदाण्याच्या भरवशावर करू नका. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीत जी काही येतात ती दाण्याच्या कुटामुळे. म्हणून कूट दाबून घाला. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करा. राजगिऱ्याची भाकरी करा. वाटीभर दही घ्या. याच श्रावणात सोमवारी आपण शिवामूठ वाहतो, तांदळाची, तिळाची, मुगाची. शुक्रवारी जिवतीला चणे-फुटाणे ठेवतो. ते चणे-फुटाणे शनिवारी पोरांच्या खिशातही जाऊ द्या.

पोरांसाठी पावडरीच्या महागड्या डब्यांच्या मागे धावू नका. डबा उलटा करा आणि साखर किती ते वाचा. दोन चमचे पावडरीतून जे मिळतं त्याहून जास्त मूठभर फुटाण्यांतून मिळतं. पोषण संस्थेनेच कुपोषित मुलांसाठी जे 'हैदराबाद मिक्स' बनवलं, त्यात भाजलेले गहू, हरभरे, शेंगदाणे आणि गूळ एवढंच आहे. हे सगळं तुमच्या घरात आहे. भाजा, दळा, लाडू वळा. अगदी लहानांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूटच द्या.

कडधान्याने पोट फुगतं, ही तक्रार खरी आहे. पण त्यासाठी कडधान्यं सोडू नका. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, हिंग-आलं घाला, मऊ शिजवा आणि वाढ हळूहळू करा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वाढवू नये.

बाकी कोणी थांबू नका. एकट्या राहणाऱ्या आईला आज फोन करा. 'जेवलीस का' एवढंच विचारू नका, 'कशाशी जेवलीस' ते विचारा. उत्तर 'चहा-पोळी' आलं तर रविवारी जाताना डाळं, दाणे आणि मेतकूट घेऊन जा. शेजारच्या बाळंतिणीला बिस्किटाचा पुडा नेत असाल तर तो राहू द्या, मुगाच्या डाळीची खिचडी न्या. भिशीत, भजनी मंडळात, सोसायटीच्या बैठकीत ही दोन मुठींची गोष्ट काढा. तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील.

आणि आज झोपण्याआधी मूग भिजत घाला. माणशी एक मूठ. सकाळी वाटून धिरडी करा आणि सगळ्यांना एकदमच वाढा.